आरवण्यासकट कोंबडा

एका गावात एक बुरुडीण राहत होती, आणि त्या गावात पहाट व्हायला पाटलांची परवानगी लागत असे.

हसू नका, खरंच लागत असे. गावोगावी कसले ना कसले मान असतात. कुठे पोळ्याला पहिला बैल कुणाचा निघायचा हा मान, कुठे होळीत पहिला नारळ कुणाचा पडायचा हा मान. या गावात पहिल्या आरवण्याचा मान होता, आणि तो पाटलांच्या कोंबड्याकडे होता. मानाचा कोंबडा आरवला की दिवस सुरू झाला. त्याच्या आधी दुसऱ्या कुणाचा कोंबडा आरवला, तर तो पाटलांच्या सात पिढ्यांचा अपमान. म्हणून दिवस मावळला की घरोघरी कोंबडे डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली झाकायचे, डालग्यावर दगड ठेवायचा, आणि पाटलांकडून आवाज आल्याशिवाय ते उचलायचं नाही.

आता कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच? ते आपल्या वेळेला फुटायचं. पण मानाचा कोंबडा झाला होता म्हातारा, आणि खाऊन खाऊन इतका लठ्ठ, की त्याला मान वळवायचा कंटाळा. ऊन अंगणभर पसरलं की तो एक डोळा उघडायचा, पुन्हा मिटायचा, आणि मग कधीतरी मनात आलं तर घसा खाकरल्यासारखा आरवायचा. तोवर गाव अंथरुणात. एखादा बाहेर आलाच, तर डोळ्यांवर हात धरून शेजाऱ्याला विचारायचा, "काय हो, पहाट झाली का?" आणि शेजारी भर उन्हात उभा राहून सांगायचा, "छे, अजून रात्र आहे." उजाडलं असलं तरी उजाडलं म्हणायचं नाही, ही त्या गावची रीत.

बुरुडीण एकटीच होती. गावाच्या पार खालच्या टोकाला, पाटाच्या शेवटाशी बांबूचं एक बेट होतं आणि बेटापाशी तिचं खोपट. ती सुपं विणायची, टोपल्या विणायची, पण तिची चूल पेटायची ती डालग्यांवर. घरोघरी कोंबडे, म्हणून घरोघरी डालगी. जुनं मोडलं की नवं. ज्या रितीवर आपली भाकरी भाजली जाते तिला कोण नावं ठेवतं? तिनेही कधी ठेवली नाहीत.

एकदा तिच्या अंगणात घारीच्या पंजातून निसटलेलं एक पिल्लू पडलं. बांबूच्या सालपटांच्या ढिगावर पडलं म्हणून वाचलं. बुरुडिणीने त्याला हळद लावली, ओंजळीत धरून ऊब दिली, कण्या चारल्या. पिल्लाचा कोंबडा झाला. लालभडक तुरा, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं तुऱ्या. ती बांबू तासायला बसली की तुऱ्या तिच्या समोर बसायचा. ती बोलायची, तो मान तिरकी करून ऐकायचा. एकट्या माणसाला एवढं पुष्कळ होतं.

पण तुऱ्या पहाटे आरवायचा. खऱ्या पहाटे.

तिने त्याला झाकून पाहिलं. तो डालग्याखालून आरवला. तिने घट्ट विणीचं नवं डालगं केलं, वर गोणपाट टाकलं. तो गोणपाटाखालून आरवला. आवाज असा खणखणीत, की खालच्या आळीतली माणसं दचकून उठायची, बाहेर अंधूक उजेड बघायची आणि घाबरून पुन्हा पांघरूण ओढून घ्यायची. अशी गोष्ट किती दिवस लपणार? कुणीतरी जाऊन पाटलांच्या कानाला लागलंच.

पाटलांनी तिला चावडीवर बोलावलं. पंच बसले होते.

"बुरुडीण, तुझ्या कोंबड्यानं आमच्या मानाला धक्का लावला," पाटील म्हणाले.

"पाटील, त्याला मान कळत न्हाई. उजेड कळतो."

"वर तोंड करून बोलतीस? डालगी विणणारी तू, आणि तुझाच कोंबडा उघडा?"

"झाकला हुता जी. झाकून ऱ्हाईना."

"मग बाजाराच्या दिवसापर्यंत गावाबाहेर त्याची सोय लाव. त्या दिवशी तो गावात दिसला, तर पंचांच्या पानात रस्सा हाय, एवढं ध्यानात ठेव."

पंचांनी मिशांवरून हात फिरवला. रश्श्याचं नाव निघाल्यावर त्यांचं एकमत व्हायला वेळ लागत नसे.

घरी येताना बायका तिला समजावू लागल्या. एक म्हणाली, "अगं, तूच कापून खा. पंचांच्या घशात घालण्यापरीस ते बरं." दुसरी म्हणाली, "एका कोंबड्यापायी गावाशी वैर धरतीस?" बुरुडीण सरळ घरी गेली. तिने तुऱ्याला टोपलीत घातलं, टोपली डोक्यावर घेतली आणि त्याच्यासाठी चांगलं घर शोधायला निघाली. तिची अट एकच होती. कोंबडा घ्यायचा तर आरवण्यासकट घ्यायचा.

पहिल्यांदा ती एका वाण्याकडे गेली. वाण्याला कोंबडा फार आवडला. "काय रुबाब आहे! दारात बसला तर गिऱ्हाईक थांबून बघेल. राहू दे इथंच, दाणागोटा मी बघतो. फक्त रात्री चोचीला दोरा बांधत जाईन, म्हणजे माझी झोप मोडायची नाही."

बुरुडिणीने टोपली उचलली.

मग ती डोंगरावरच्या मठात गेली. तिथल्या बुवांचा आवाज लोण्यासारखा मऊ. ते म्हणाले, "माई, इथे कुणी कुणाला मारत नाही. मुंगीलासुद्धा नाही. याला आम्ही तळघरात ठेवू. तिथे दिवस-रात्र सारखीच. पहाट झाल्याचं त्याला कळणारच नाही, मग आरवायचा प्रश्नच येत नाही. शांतपणे म्हातारा होईल."

"बुवा, ह्यापरीस सुरी बरी," असं म्हणून ती पायऱ्या उतरली. बुवांना फार वाईट वाटलं. एवढ्या चांगल्या मनाने काही द्यावं आणि लोकांनी असं बोलावं!

एका झुंजवाल्यानेही तुऱ्या मागितला. तुऱ्याच्या पायांना बांधायची पाती त्याने आधीच घासून ठेवली होती. तिथे ती टेकलीसुद्धा नाही.

फिरून फिरून तिचे पाय भरून आले. उद्याचा दिवस मावळला की परवा बाजार. शेवटी ती ओढ्याच्या पल्याडच्या गावात गेली.

इथे जरा थांबून त्या ओढ्याचं सांगायला हवं. तो दोन्ही गावांचा मिळून होता. त्यावर एक बंधारा, बंधाऱ्यावर लाकडी फळी. फळी एकीकडे फिरवली की पाणी पल्याडच्या पाटात, दुसरीकडे फिरवली की अल्याडच्या. वाडवडिलांनी बंधाऱ्याच्या दगडावर हात ठेवून ठरवलं होतं, की रात्रीचं पाणी पल्याडच्या गावाचं. अल्याडच्या गावचा कोंबडा आरवला, की तिथून दिवस मावळेपर्यंत पाणी अल्याडचं. वाटणी चोख होती. तरीही अल्याडच्या गावाला पाणी म्हणून पुरत नसे. वांगी सुकायची, ऊस पिवळा पडायचा, आणि पाटाच्या शेवटाला असलेलं बुरुडिणीचं बांबूचं बेट तर कोरडंठाक. बांबू असा ठिसूळ, की कामटी काढताना कडकन मोडायची. गाव म्हणायचं, देवाची मर्जी.

तुमच्या लक्षात आलं असेल. गावाच्या आलं नव्हतं.

तर पल्याडच्या गावात तिथल्या पाटलीणबाईंनी तिचं तोंडभरून स्वागत केलं. केवढं अंगण! चिंचेचं झाड, त्याच्या फांद्यांवर कोंबड्या, खाली बाजरीचा सडा. पाटलीणबाई म्हणाल्या, "सोड त्याला. इथं कुणी झाकत न्हाई."

"बाई, तो पहाटं आरवतो," बुरुडिणीने आधीच सांगून टाकलं.

"आरवू दे की! पहाटं आरवंल, दुपारी आरवंल. कुणाची ना न्हाई."

बुरुडिणीला खरं वाटेना. त्या रात्री ती तिथेच पडवीत झोपली. पहाटे तुऱ्या चिंचेवरून आरवला, मान ताणून, पंख फडकावून. कुणी ओरडलं नाही, कुणी दगड मारला नाही. बुरुडीण पांघरुणात तोंड घालून रडली. मिळालं बाई एकदाचं चांगलं घर. सकाळी त्याच्या तुऱ्यावरून बोट फिरवून, मागे न बघता ती गावाकडे निघाली.

वाटेत बंधारा लागला. ऊन चांगलं वर आलं होतं. फळीपाशी म्हातारा पाटकरी बसला होता. पाणी सोडणं आणि फळी फिरवणं हे त्याचं काम. पाणी मात्र अजून पल्याडच्याच पाटात चाललं होतं, खळाळत, भरून.

बुरुडीण थांबली. "मामा, दिवस किती वर आला. फळी फिरवली न्हाई?"

"दिवस वर आला, पर तुमची पहाट कुठं झाली?" पाटकरी म्हणाला. "तुमचा मानाचा कोंबडा आरवला, की फिरवतो. रोजचंच हाय."

"रोज एवढा उशीर?"

"कधी कधी ह्यापेक्षा. पल्याडचं गाव दर साली तुमच्या मानाच्या कोंबड्याला बाजरी धाडतं. ती काय त्याच्या आवाजावर खूश होऊन? तो खाऊन झोपावा, म्हणून."

बुरुडिणीच्या टोपलीत काही नव्हतं, तरी ती एकदम जड झाल्यासारखी वाटली. ती बंधाऱ्यावर बसली. समोर आपल्या गावाचा पाट कोरडा पडला होता. पाटापुढे आपलं गाव गुडूप, भर उन्हात. रात्र आहे म्हणत.

आता काय करायचं? तुऱ्याला परत आणावं, तर उद्या बाजार. पंच ताट घेऊन बसलेत. न आणावं, तर तुऱ्या सुखात राहील, दाणे टिपेल, म्हातारा होईल. आपल्याला तेवढंच तर हवं होतं. ती घाबरली, खूप घाबरली. आणि मग तिला राग आला. पाटलांचा आला, पल्याडच्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला आपल्या हातांचा. गावातलं एकूण एक डालगं या हातांनी विणलेलं होतं.

ती उठली आणि आल्या वाटेने परत गेली.

"पाटलीणबाई, माझा कोंबडा द्या."

पाटलीणबाई हसल्या. "याड लागलं का? तिथं सुरी हाय, इथं बाजरी हाय."

"बाजरी हाय, ठावं हाय मला. तुमी त्याला आरवू देताय, कारण हितं त्याच्या आरवण्यानं काही हलत न्हाई."

"हलायला कशाला पायजे? खायला मिळतंय ना?" पाटलीणबाईंनी मग आडपडदा ठेवला नाही. "खरं सांगू? त्याचं आमच्या कानावर आलं हुतं. आज बेटापाशी आरवतोय, उद्या बंधाऱ्यापाशी आरवायचा. तर तू आपल्या पायानं घेऊन आलीस. सुंठीवाचून खोकला गेला. आता न्यायचा तर ने. तुझ्या गावात तुझं ऐकणार कोण?"

"त्यानं आरवायचं, म्यां न्यायचं. ऐकायचं का न्हाई, ते गाव बघंल," बुरुडीण म्हणाली. तिने तुऱ्याला काखेत घेतलं. संध्याकाळी ती आपल्या घरी गेलीच नाही. बंधाऱ्याच्या दगडावर पदर गुंडाळून बसून राहिली.

पूर्वेला फिकट रेघ उमटली. तुऱ्याने पंख झटकले. तो दगडावर चढला आणि असा आरवला, की ओढ्याच्या दोन्ही काठांवरून आवाज परत आला.

पाटकरी उठून उभा राहिला. पल्याडचे दोघे-चौघे पाणी धरायला आलेले होते, ते धावत आले. "मामा, फळीला हात लावायचा न्हाई! हा मानाचा कोंबडा न्हवं!"

पाटकऱ्याने बुरुडिणीला विचारलं, "कोंबडा कुठल्या गावचा, बाई?"

"अल्याडचा. माझ्या अंगणात वाढलेला."

"मग झालं तर. दगडावर हात ठेवून ठरलं ते कोंबड्याचं ठरलं. मान त्यात कुणी घातला नव्हता, तो मागनं तुमच्या गावानं घातला. मी फळीचा चाकर. कानानं ऐकलं, हातानं फिरवायचं."

आणि त्याने फळी फिरवली.

पाणी अल्याडच्या पाटात शिरलं. धूळ, वाळका पाला, कुणाची हरवलेली चप्पल, सगळं पुढे ढकलत ते गावात आलं. कुणाच्या परसात शिरलं, कुणाच्या वांग्यांच्या वाफ्यात. माणसं आवाजाने उठली. "अहो, पाणी आलं!" "असं कसं येईल? अजून रात्र आहे!" "मग हे पायाखाली काय वाहतंय?" जो तो फावडं घेऊन पळाला. अंधूक उजेडात वाफ्यांची दारं धरताना लोकांना कळलं, की आपण आजवर जिला रात्र म्हणत होतो तिच्यात केवढं पाणी वाहून गेलं.

बुरुडीण तुऱ्याला काखेत घेऊन पाटाच्या कडेकडेने गावात आली तेव्हा चावडीपाशी सगळं गाव जमलं होतं. पाटील पुढे आले. रागाने लाल झालेले. पण त्यांची नजर मागच्या भिजलेल्या शेतांवर गेली. त्यात त्यांचंही शेत होतं. ते थांबले. पाटील काही मूर्ख नव्हते.

"लोकहो," ते म्हणाले, "आमचा कोंबडा आता थकला. आजपासून पहिल्या आरवण्याचा मान बुरुडिणीच्या कोंबड्याला! तो आमच्या घरी राहील, माडीवर बसंल. पायात चांदीचा वाळा घालू. बुरुडिणीलाही मानाचं लुगडं. बाकीच्यांनी आपापले कोंबडे नेहमीसारखे झाकायचे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचांनीही वाजवल्या, रस्सा हुकला तरी. तुऱ्याचा जीव वाचला होता. त्याला गावातलं सगळ्यात मोठं घर मिळालं होतं. डालग्यांचा धंदाही तसाच चालू राहणार होता. बुरुडिणीने फक्त हो म्हणायचं होतं.

"न्हाई," बुरुडीण म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"न्हाई म्हंजे?" पाटलांना ऐकू आलं होतं, पण विश्वास बसेना.

"ह्याला मान नको. आज माझ्या कोंबड्याला मान, म्हणून उद्या दुसरीचा कोंबडा डालग्याखाली. ह्योबी म्हातारा व्हईल, ह्योबी एक दिवस उशिरा उठंल. मग पुन्यांदा भर उन्हात रात्र म्हणायचं का आपण?"

"मग तुला पायजे तरी काय?"

"झाकणं बंद करा. समद्यांचं."

"सगळे कोंबडे उघडे ठेवायचे? जो उठंल तो आरवणार?"

"जो उठंल त्यानं आरवावं. पहाट काय कुणाच्या घरची हाय?"

एक पंच कुत्सितपणे म्हणाला, "अगं, मग तुझी डालगी कोण घेणार? आपल्या हातानं आपल्या पोटावर पाय देतीस."

"कणग्या विणीन," बुरुडीण म्हणाली. "पाणी वेळेवर आलं तर धान्य पिकंल. पिकलं तर ते भरायला कणगी लागंल का न्हाई? आणि न्हाईच लागली, तर उपाशी ऱ्हाईन. पर झाकणी विणणार न्हाई. आणि ज्याला अजून रस्सा खायची हौस असंल त्यानं पुढं यावं. तुऱ्या माझ्या काखंत हाय आणि कोयता माझ्या कमरंला हाय."

पुढे कुणी आलं नाही. तेव्हा बुरुडीण स्वतःच पुढे झाली. चावडीला लागून पहिलं घर होतं, त्याच्या अंगणात डालगं. तिने वरचा दगड पायाने ढकलला. "हे म्यां विणलंय," ती म्हणाली, "म्याच काढते." तिने डालगं उचललं. आतला कोंबडा बावरून बघू लागला. त्याला एवढा उजेड एवढ्या लवकर कधी दिसला नव्हता. मग त्याने अंग झाडलं आणि तो आरवला, जरा घोगरा, जरा अडखळत.

त्या दिवशी जिने तिला एका कोंबड्यापायी वैर कशाला म्हणून विचारलं होतं, ती बाई गर्दीतून निघाली. आपल्या घरी गेली आणि तिने आपलं डालगं उचललं. मग तिच्या शेजारणीने उचललं. पाटील "थांबा, थांबा" म्हणत होते, पण आता आळीआळीतून इतके कोंबडे आरवत होते, की पाटलांचं बोलणं पाटलांनाच ऐकू येईना.

त्या साली गावात ऊस हिरवागार झाला. बुरुडिणीच्या बेटाला पाणी पोहोचलं, बांबूला लवचीकपणा आला, आणि कणग्यांना मागणी इतकी, की तिला हात थांबवायला फुरसत मिळेना. तुऱ्या तिच्या समोर बसायचा. त्याला घर शोधायला ती पुन्हा कुठे गेली नाही.

तात्पर्य: आवाज दारात ठेवून आत ये म्हणणारं घर, मग तिथे कितीही दाणे मिळोत, ते घर नसतं, ते डालगं असतं, आणि डालगं आपल्याच हातचं असेल तर ते उचलायचं कामही आपलंच.